आधी सावली, मग मासे: वाळवंटी हवेतल्या पहिल्या अ‍ॅक्वापॉनिक्ससाठी उन्हाळ्यापूर्वीचा सल्ला

अ‍ॅक्वापॉनिक्स म्हणजे एकाच फिरत्या पाण्यावर टाकीत मासे आणि खडीच्या वाफ्यात भाजी: माशांच्या अमोनियाचं जीवाणू नायट्रेट करतात आणि ते रोपांचं खत होतं. उन्हाळा तोंडावर आलाय आणि परसात अशी टाकी मांडून बसलेली मंडळी आता विचारताहेत, मासे कधी सोडू? मी उलट विचारतो, टाकीवर सावली झाली का? नसेल तर मासे आणू नका. पंप चालतोय, खडी धुऊन भरलीय, रोपं तयार आहेत, तरीही नका आणू.

वाळवंटी हवेत पहिल्याच वर्षी बंद पडलेल्या ज्या टाक्या मी पाहिल्या, त्यांतल्या बहुतेक एकाच दुर्लक्षानं बंद पडल्या: पाणी उघड्यावर तापत राहिलं. लोक वाफ्यावर शेडनेट आठवणीनं बांधतात, कारण पान कोमेजलेलं डोळ्यांना दिसतं. तापलेलं पाणी गार पाण्यासारखंच दिसतं. मग एका सकाळी मासे उलटे तरंगताना सापडतात आणि माणूस रात्री काय झालं ते शोधत बसतो. बिघाड आदल्या दुपारीच सुरू झालेला असतो.

२० अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. ३० अंशाला साडेसात आणि ३५ ला जेमतेम ७. हे आकडे पूर्ण हवा खेळलेल्या पाण्याचे आहेत, प्रत्यक्ष टाकीत त्याहून कमीच असतो. त्याच वेळी तापलेल्या माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढतात. अमोनियाचं नायट्रेट करणारे जीवाणूही तोच ऑक्सिजन वापरतात, मुळंही वापरतात. उघड्या टाकीत ऊन पडलं की शेवाळ माजतं. ते दिवसा ऑक्सिजन देतं आणि रात्री परत घेतं, त्यामुळे पहाटे पाण्यात सगळ्यात कमी ऑक्सिजन उरतो. पातळी ५ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ द्यायची नाही. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर त्या दिवशी खाद्य बंद ठेवा आणि हवा वाढवा.

दुसरं कारण पाण्याच्या सामूचं (पीएचचं). कोरड्या प्रदेशातलं भूजल बहुधा कठीण आणि अल्कधर्मी असतं. सामू ७ आणि तापमान २५ अंश असेल, तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का माशाला विषारी रूपात असतो. सामू ८.५ आणि पाणी ३० अंश झालं की तोच हिस्सा एकूण अमोनियाच्या एक पंचमांश होतो. अमोनियाची तपासणी दोन्हीकडे तोच आकडा दाखवते, एका टाकीतले मासे खेळत असतात आणि दुसरीतले मरतात. म्हणून नुसता अमोनियाचा आकडा सांगून मला काही विचारू नका, सोबत सामू आणि दुपारचं तापमान सांगा.

सावली करायची कशी, ते नीट समजून घ्या. ५० ते ६० टक्क्यांची शेडनेट टाकीवर पसरायची नाही. निदान हातभर उंच बांधा, खालून वारा फिरला पाहिजे. टाकीच्या तोंडावर वेगळं झाकण हवं, त्यानं बाष्पीभवनही आटोक्यात राहतं. जमलं तर टाकी निम्मी जमिनीत गाडा, जमीन दिवसाचा चढउतार बराच पचवते. नाही जमलं तर बाहेरून थर्मोकोल किंवा जुनी रजई गुंडाळून वर पांढरं आवरण घाला. पश्चिमेची बाजू सोडू नका, तिसऱ्या प्रहरचं तिरपं ऊन नेटच्या खालून आत येतं.

पाइप मात्र सगळे विसरतात. एका परसात टाकीवर उत्तम छप्पर होतं, तरी वाफ्याच्या एका कोपऱ्यातली तुळस सारखी मरत होती. पंप टायमरवर होता, १५ मिनिटं चालू आणि ४५ बंद. मधल्या वेळात भिंतीवरच्या काळ्या पाइपात पाणी उन्हात उभं राहायचं. पंप सुरू होताना मी धारेखाली हात धरला तर पहिल्या तांब्याभर पाण्याला हात टिकेना. मेलेली रोपं बरोबर त्या धारेभोवती वितीच्या गोलात होती. पाइपाला पांढरं कापड गुंडाळलं आणि तिथे पुन्हा लावलेली तुळस जगली.

विक्रेते इथेच चिलर (पाणी गार करायचं यंत्र) गळ्यात मारतात. घरगुती टाकीला पहिल्या वर्षी चिलर लागत नाही, उघड्या टाकीला तर तो पुरतही नाही. कोरडी हवा हाच तुमचा चिलर आहे. रात्री पाणी उंचावरून पातळ धारेनं पडू द्या, बाष्पीभवनानं ते चांगलं गार होतं. भर दुपारी मात्र तापलेल्या खडीतून कमी फिरवा, नाहीतर वाफाच हीटर होतो. हवेचा पंप चोवीस तास चालू ठेवा आणि तोही सावलीत ठेवा. जीवाणूंच्या बाटल्या, ‘खनिज टॉनिक’, अतिनील दिवे यांना आत्ता हात लावू नका. तो पैसा तीन गोष्टींत घाला: थर्मामीटर, पाणी तपासायचा संच आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप. तापलेल्या, दाट मासळीच्या टाकीत वीज गेल्यावर हातात फार तर एखाद-दोन तास असतात.

मांडणीचे आकडे:
- टाकी ५०० ते १००० लिटर. वाफ्याचं आकारमान टाकीएवढं ते दुप्पट
- वाफ्याची खोली ३० सेंमी, खडी ८ ते २० मिमी
- खडीवर व्हिनेगर टाकून बघा. फेस आला तर चुनखडी आहे, नको
- पाणी खडीच्या पृष्ठाखाली ५ सेंमी थांबलं पाहिजे
- पंप असा की तासाला टाकीभर पाणी फिरेल

मासे सोडण्याआधी, टाकीत जीवाणू वाढवण्यासाठी:
- नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवा: २४ तास हवा सोडून ठेवा, क्लोरामाइन असेल तर एवढ्यानं जात नाही, क जीवनसत्त्वाची पूड लागते
- शुद्ध अमोनिया (साबण, सुगंध नसलेला) लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत
- अमोनिया चढून उतरेल, मग नायट्राइट चढून उतरेल, मग नायट्रेट दिसेल
- अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्याजवळ आले की थोडे मासे
- एकूण साधारण ४ ते ६ आठवडे, थंडीत जास्त

हे आठवडे मोजले की कळेल, सुरुवात आत्ताच का हवी. भर उन्हाळ्यात जीवाणू आणि मासे दोघांनाही नव्या टाकीत उभं करणं मला पटत नाही. सहा आठवड्यांत उष्णतेची लाट येणार असेल तर टाकी जीवाणूंवरच चालवा, रोज थोडासा अमोनिया द्या आणि मासे ऊन उतरल्यावर सोडा.

मासा कोणता? तिलापिया उष्णतेला सगळ्यात काटक, २७ ते ३० अंशात छान वाढतो. पण पाणी १७ च्या खाली गेलं की खाणं टाकतो आणि १० च्या आसपास मरतो. वाळवंटातली हिवाळी रात्र त्यालाही झेपत नाही, तेव्हा टाकीभोवतीची तीच रजई उपयोगी पडते. काही देशांत या माशाला परवानगी लागते, आधी विचारून घ्या. अन्न व कृषी संघटनेची शिफारस १००० लिटरला २० किलोपर्यंत मासळीची आहे. माझ्या अंदाजानं पहिल्या उन्हाळ्यात १० किलोवर थांबावं. माशांचं खाद्य वाफ्यावरून ठरवा: पालेभाजी असेल तर वाफ्याच्या दर चौरस मीटरमागे रोज ४० ते ५० ग्रॅम, फळभाजी असेल तर ५० ते ८०. पाणी ३२ च्या वर गेलं की निम्मं करा, तेही सकाळी.

थर्मामीटर नसेल त्या दिवशी माझी खूण अशी: चार वाजता कोपरापर्यंत हात पाण्यात घाला. गार लागलं तर ठीक. गारही नाही आणि गरमही नाही असं वाटलं, तर पाणी ३२-३३ वर आहे आणि पहाट कठीण जाणार आहे. अशा वेळी गोठवलेल्या पाण्याच्या बंद बाटल्या टाकीत सोडा. गार पाणी भसकन ओतू नका.

पिकात उन्हाळ्यात लेट्यूसचा हट्ट नको, ते तुऱ्यावर येऊन कडू होतं. भेंडी, वांगी, मिरची, तुळस, माठ लावा. मुळं तपकिरी, बुळबुळीत दिसली की ती मूळकूज, आणि तिचंही मूळ बहुधा तापलेल्या पाण्यात असतं. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय: लिटरला २ मिलिग्रॅम चिलेटेड लोह (रोपांना घेता येईल असं विरघळतं लोह), सामू ७.५ च्या वर असेल तर पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेल्या प्रकारचंच, बाकीचे तिथे वाया जातात. कोरड्या हवेत लाल कोळी ही कीड येणारच, पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा. कीटकनाशक अजिबात नको, पायरेथ्रमसारखं ‘सेंद्रिय’सुद्धा माशाला मारतं.

राहिली पाण्याची भरपाई. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि प्रत्येक भरपाईबरोबर वाढतात. शक्य असेल तर पावसाचं किंवा आरओचं पाणी मिसळा. सामू उतरवायचा तर फॉस्फोरिक आम्ल वेगळ्या पिंपात, थेंबाथेंबानं. माशांच्या टाकीत कधीच नाही. सायट्रिक आम्ल जीवाणूंना मारक, ते टाळा. भरपाई संध्याकाळी, रोज थोडी थोडी करा. आणि ते पिंप उन्हात ठेवू नका, दिवसभर तापलेलं पाणी संध्याकाळी टाकीत गेलं तर तुमचं सगळं छप्पर फुकट.