ॲपचा डेटा फोनवर साठवताना या चुका टाळा

डेटा साठवला, लगेच वाचून पाहिला आणि तो बरोबर मिळाला, म्हणजे काम झाले असे मानणे ही या विषयातली पहिली चूक आहे, कारण असा लगेच वाचलेला डेटा अनेकदा मेमरीतूनच आलेला असतो. अँड्रॉइडमध्ये छोटी मूल्ये साठवणाऱ्या शेअर्डप्रेफरन्सेसमधील ‘अप्लाय’ ही आज्ञा मेमरीत बदल तत्काळ करते, डिस्कवर मात्र तो नंतर लिहिते आणि लिहिणे फसले तरी कळवत नाही. ‘कमिट’ यश-अपयश सांगते, पण लिहून होईपर्यंत थ्रेड (ॲपमधील कामाचा एक प्रवाह) अडवून ठेवते. म्हणून ती स्क्रीन सांभाळणाऱ्या मेन थ्रेडवर वापरू नये. खरी तपासणी ॲपची प्रोसेस पूर्ण बंद करून, ॲप पुन्हा उघडून करावी.

सर्वांत महागात पडते ती डेटाबेसच्या मायग्रेशनमधील, म्हणजे जुन्या रचनेतला डेटा नव्या रचनेत नेण्यातील, हयगय. अँड्रॉइडच्या ‘रूम’ या डेटाबेस लायब्ररीत एखाद्या टेबलाला कॉलम जोडला, डेटाबेसची आवृत्ती १ वरून २ केली, पण मायग्रेशन लिहिले नाही, तर जुन्या वापरकर्त्याचे ॲप डेटाबेस उघडतानाच क्रॅश होते. डेव्हलपरच्या फोनवर हे दिसत नाही, कारण त्याने ॲप काढून नव्याने टाकलेले असते. मग घाईत ‘फॉलबॅक टू डिस्ट्रक्टिव्ह मायग्रेशन’ लावले जाते. क्रॅश थांबतो, पण टेबले पुसली जाऊन वापरकर्त्याच्या नोंदीही जातात. सर्व्हरवरून पुन्हा आणता येणारा डेटा असेल तरच हा उपाय क्षम्य आहे. एरवी टेबलाची रचना बदलणाऱ्या ‘आल्टर टेबल’ या आज्ञेची एक ओळ पुरते, फक्त नवा कॉलम ‘नॉट नल’ (रिकामा न चालणारा) असेल तर डीफॉल्ट मूल्य द्यायला विसरू नये. प्रत्येक रिलीजपूर्वी ॲपची जुनी आवृत्ती फोनवर टाकून, तीत डेटा भरून, तिच्यावरच नवी आवृत्ती चढवून पाहावी.

ॲप काढून पुन्हा टाकल्यावर जुना डेटा परत दिसतो, ही तक्रारही नेहमीची आहे. अँड्रॉइड ६.० पासून ऑटो बॅकअप २५ एमबीपर्यंतचा डेटा जपून ठेवतो. कीस्टोअर या फोनच्या सुरक्षित कप्प्यातील एन्क्रिप्शनची किल्ली मात्र बॅकअपमध्ये जात नाही, त्यामुळे तिने एन्क्रिप्ट केलेली फाइल परत आली तरी उघडत नाही. अशा फाइली बॅकअपमधून वगळाव्यात.

आयओएसवर फाइलचा पूर्ण पाथ (ती कुठे आहे तो पत्ता) साठवू नये, कारण अपडेटनंतर ॲपच्या फोल्डरचा पाथ बदलू शकतो. केवळ फाइलचे नाव साठवून पाथ दर वेळी नव्याने तयार करावा. लॉगिन टोकन (लॉगिन झाल्याची गुप्त खूण) साध्या सेटिंग्जसाठीच्या यूझरडीफॉल्ट्समध्ये नव्हे, तर गुप्त माहितीसाठीच्या कीचेनमध्ये ठेवावे. तात्पुरत्या फाइलींचे कॅशे फोल्डर तर अँड्रॉइड आणि आयओएस दोन्हीकडे जागा कमी पडल्यास सिस्टिम स्वतःच रिकामे करू शकते, तेव्हा वापरकर्त्याने स्वतः लिहिलेले काहीही तिथे ठेवू नये.