सिग्नलचा हात कुठल्या बाजूला? रेल्वेच्या जुन्या फोटोंची तारीख लावताना

दादाला कडेवर घेऊन अण्णा सिग्नलच्या खांबाशी उभे आहेत, असा एक चौकोनी फोटो आमच्या परळच्या घरात भिंतीवर होता. अण्णा केबिनमन, म्हणजे केबिनीतून लिव्हर ओढून सिग्नल चालवणारे. तेव्हा त्यांची नेमणूक दौंडकडे होती. मी स्वतः १९७९ साली रेल्वेच्या सिग्नल खात्यात ट्रेसर म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत ड्रॉइंग बोर्डावर सिग्नलच काढत आले. तरी भिंतीवरचा तो फोटो उलटा छापलेला आहे, हे मला कळलं ते निवृत्तीनंतर, स्कॅन करताना.

कसं कळलं ते आधी सांगते, कारण ही युक्ती तुमच्याही उपयोगी पडेल. आपल्याकडे हाताचा सिग्नल, म्हणजे सेमाफोर, ड्रायव्हरला समोरून दिसतो तेव्हा त्याचा हात खांबाच्या डावीकडे असतो. थांबा सांगणाऱ्या हाताची समोरची बाजू लाल, त्यावर पांढरा पट्टा. मागची बाजू पांढरी, त्यावर काळा पट्टा. कृष्णधवल फोटोत लाल रंग गडद उतरतो. म्हणजे गडद हात आणि त्यावर फिकट पट्टा दिसला तर आपण सिग्नलच्या समोर आहोत आणि हात डावीकडेच हवा. फिकट हात आणि गडद पट्टा दिसला तर आपण पाठीमागे आहोत आणि हात उजवीकडे हवा. आमच्या फोटोत गडद हात चक्क उजवीकडे. मग बाकीचं भराभर दिसायला लागलं: अण्णांचं घड्याळ उजव्या मनगटावर, शर्टाचा खिसा उजव्या छातीवर. निगेटिव्ह पालथी ठेवून प्रिंट काढलेली. मागे गाडीचा डबा आहे, त्यावर अक्षरं असती तर इतकी वर्षं फसलो नसतो. पण दिसतो तो फक्त तिसऱ्या वर्गाचा रोमन आकडा, तीन उभ्या रेघा. त्या आरशातही तशाच दिसतात.

तेव्हापासून नातेवाईक, शेजारी, जुने सहकारी मला त्यांच्याकडचे फोटो दाखवतात. त्या कामातून जे हाताला लागलं ते इथे लिहिते आहे.

आधी पाठ बघा

फोटो हातात आला की चित्रात शिरायची घाई करू नका, आधी उलटा करा. स्टुडिओचा शिक्का, लॅबचं नाव, पेन्सिलीने लिहिलेलं गाव, पोस्टकार्ड असेल तर तिकीट आणि टपालाचा शिक्का, सगळं पाठीवर असतं. फक्त एक लक्षात ठेवा, टपालाचा शिक्का कार्ड पाठवल्याची तारीख सांगतो. चित्र त्याच्या कितीतरी आधीचं असू शकतं. कागदाचा आकारही बोलतो. आमचा फोटो चौकोनी, कारण मामाने पहिल्या पगारातून आगफा क्लिक थ्री घेतला होता आणि त्यात एका रोलवर बारा चौकोनी फोटो निघत. मामा नोकरीला लागला १९६४ साली. म्हणजे फोटो त्याआधीचा नाही. एक खुंटा तिथेच ठोकला गेला.

आपल्या मुंबईच्या हवेत हे काम पावसाळ्यात करू नका. दमटपणाने फोटो एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना चेहऱ्यावरचा थरच निघून येतो. दसऱ्यानंतर काढा. हात कोरडे हवेत, धरायचं ते कडेने. प्लॅस्टिकच्या चिकट पानांच्या अल्बममधला फोटो सहज सुटत नसेल तर ओढू नका, पानासकट स्कॅन करा. पाठीवर काही लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, कडेला. बॉलपेनचा ठसा पुढच्या बाजूला उमटतो.

स्कॅन ६०० डीपीआयला करा. काडेपेटीएवढी प्रिंट असेल तर १२०० ला. पांढरी कड कापू नका आणि पाठही स्कॅन करा. मूळ फाइल टिफमध्ये ठेवा, वाटायला वेगळी जेपेग काढा. स्कॅनर नसेल तर खिडकीशी, थेट ऊन नसेल तिथे, फोटो सपाट ठेवून मोबाइल अगदी समांतर धरून फ्लॅशशिवाय काढा. आणि फाइलवर संगणक जी तारीख दाखवतो ती तुम्ही स्कॅन केल्याची असते. ती फोटोची तारीख समजून लोक पुढे पाठवतात, म्हणून फाइलच्या नावातच अंदाजाची वर्षं घाला.

नवी वस्तू पक्की, जुनी वस्तू ढिली

तारीख लावताना मी एकच शिस्त कसोशीने पाळते. फोटोत एखादी गोष्ट पहिल्यांदा कधी आली ते माहीत असेल, तर फोटो त्याआधीचा असूच शकत नाही. ही बाजू पक्की. पण एखादी गोष्ट कधी गेली, यावर तितकं विसंबता येत नाही. पाट्या, डबे, गणवेश सरकारी आदेशाच्या दिवशी नाहीसे होत नाहीत. मध्य आणि पश्चिम रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ ला अस्तित्वात आल्या. फोटोत डब्यावर ‘मध्य रेल्वे’ दिसलं तर तो नक्की त्यानंतरचा. पण ‘जीआयपी’ किंवा ‘बीबी अँड सीआय’, म्हणजे मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या आधीच्या रेल्वेंची नावं, दिसली तर ‘बहुधा १९५१ आधीचा’ एवढंच लिहावं, कारण सगळे डबे एका रात्रीत रंगवले गेले नव्हते.

मुंबईच्या फोटोंसाठी सगळ्यात कामाची खूण म्हणजे डोक्यावरची तार. विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटीहून हार्बर मार्गे कुर्ल्याला गेली. पश्चिमेकडे कुलाबा ते बोरिवली वीज आली जानेवारी १९२८ मध्ये, आणि बोरिवली ते विरार १९३६ मध्ये. एका ओळखीच्या बाईंनी त्यांच्या सासऱ्यांचा फोटो आणला होता. मागे लिहिलेलं ‘दादर, १९२०’. फलाटाच्या वर खांब आणि तारा स्पष्ट दिसत होत्या. १९२० शक्यच नव्हतं. अक्षर कुणाचं, असं विचारलं तर म्हणाल्या, नणंदेचं, सासरे गेल्यावर तिने आठवून लिहिलं. पाठीवरचं लिखाण हा पुरावा आहे, पण तो कोणी आणि केव्हा लिहिला हे विचारल्याशिवाय पक्का धरू नये.

कुलाब्याची पाटी आणि प्रवाशांची गर्दी दिसली तर फोटो १९३० पर्यंतचा. ते स्टेशन १९३० च्या अखेरीस बंद झालं, आणि बॉम्बे सेंट्रल त्याच डिसेंबरात सुरू झालं होतं. व्हीटीचं छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं मार्च १९९६ मध्ये, त्यात ‘महाराज’ जोडलं गेलं २०१७ मध्ये. एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं २०१८ मध्ये. तिसरा वर्ग १९७४ साली रद्द झाला, म्हणून आमच्या फोटोतल्या त्या तीन रेघा दुसरा खुंटा ठरल्या. तोही ढिलाच, पण दादाच्या वयाशी मिळून पुरेसा.

लोकलच्या फोटोंत डबे मोजा. पश्चिम रेल्वेवर बारा डब्यांची गाडी १९८६ पासून धावते. पांढरी-जांभळी लोकल २००७ च्या अखेरीपासूनची, वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ पासूनची. इंजिन असेल तर नंबर वाचायचा प्रयत्न करा. जीआयपीच्या विजेच्या इंजिनांना चार आकडी नंबर होते, पुढे अखिल भारतीय पद्धतीत ते पाच आकडी झाले. घाटात मालगाड्या ओढणारं ते लांब नाकाचं इंजिन, ज्याला आमची माणसं ‘खेकडा’ म्हणत, १९२८ पासूनचं. त्याची ठेवण एकदा प्रत्यक्ष पाहून घ्यायची असेल तर वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक उभं आहे. मुलांना घेऊन जा, फोटोत ओळखायला मग वेळ लागत नाही.

स्टेशनाबाहेरच्या फोटोत रेल्वे सोडून रस्त्याकडे बघा. ट्राम दिसली तर ३१ मार्च १९६४ च्या आधीचा, कारण त्या रात्री शेवटची ट्राम दादर टीटीच्या दिशेने गेली. ही मात्र जाण्याची तारीख असूनही पक्की आहे. विजेची ट्राम आली १९०७ मध्ये. डबल डेकर बस १९३७ मध्ये. मोटारीच्या पाटीवर ‘एमएच ०१’ असेल तर फोटो १९८९ च्या आधीचा नाही.

सिग्नल वाचायचा कसा

इथे मला जरा जास्त लिहू द्या, हे माझं काम होतं. सिग्नल आधी तीन प्रश्नांनी बघा. हात आहे की दिवे? हात असेल तर खाली पडतो की वर उठतो? टोक चौकोनी आहे की माशाच्या शेपटीसारखं कापलेलं?

व्हीटी ते भायखळा हा स्वयंचलित रंगीत दिव्यांचा देशातला पहिला पट्टा, १९२८ सालचा. त्या पट्ट्यात मुख्य मार्गावर हाताचे सिग्नल दिसले तर फोटो साधारण त्याआधीचा. दिव्याच्या खांबावर पांढऱ्या चकतीत काळा ‘ए’ असेल तर तो स्वयंचलित सिग्नल. गाडी पुढे गेली की तो आपोआप बदलतो, त्यासाठी केबिनमनला लिव्हर ओढावा लागत नाही.

हाताच्या सिग्नलमध्ये जुनी पद्धत खाली पडणाऱ्या हाताची. आडवा हात म्हणजे थांबा, खाली झुकला म्हणजे जा. आपण ‘सिग्नल पडला’ म्हणतो ते त्यावरूनच, आणि हात वर उठणारे सिग्नल आल्यावरही अण्णा ‘पडला’च म्हणत. चौकोनी टोकाचा लाल हात गाडी थांबवतो. कापलेल्या टोकाचा हात पुढच्या सिग्नलची आगाऊ सूचना देतो. जुन्या पद्धतीत तो लाल, वर उठणाऱ्या पद्धतीत पिवळा आणि त्यावर काळा पट्टा. यावरून लगेच वर्ष सांगता येत नाही, कारण आडबाजूच्या मार्गांवर जुने हात फार काळ टिकले. पण फोटो कुठल्या मार्गाचा नाही, हे मात्र बरेचदा कळतं.

म्हणूनच कळकळीची विनंती, जुन्या सिग्नलचे फोटो अ‍ॅपमधून रंगवून पाठवू नका. मी पाहिलेल्या एका फोटोत अ‍ॅपने कापलेल्या टोकाचा हात हिरवा करून टाकला होता. वर सांगितलेल्या दोन्ही पद्धतींत असा हात नाही, पण पुढच्या माणसाला तो खरा वाटेल. रंगवायचाच असेल तर मूळ फोटो शेजारी ठेवा.

सावल्यांचाही उपयोग होतो. मुंबईत लोहमार्ग साधारण दक्षिणोत्तर, त्यामुळे सावल्या पश्चिमेला म्हणजे सकाळ. आणि दुपारची आखूड सावली दक्षिणेकडे पडलेली दिसली तर फोटो मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंतचाच. एरवी आपल्याकडे भर दुपारी सावली उत्तरेला असते.

माणसांना कसं विचारायचं

म्हाताऱ्या माणसाला ‘हा कधीचा?’ असं विचारलं की ते घाबरून काहीतरी साल सांगतात. मी सालच विचारत नाही. तेव्हा कोयनेचा भूकंप झाला होता का? चौऱ्याहत्तरच्या रेल्वे संपाच्या आधीचं की नंतरचं? गिरण्यांच्या संपात तुम्ही कुठे राहत होता? कडेवरचं पोर कोणतं, चालायला लागलं होतं का? रेल्वेच्या घरात संप कुणी विसरत नाही. आईने दादाकडे बघून क्षणात सांगितलं, ‘पायात वाळे आहेत, म्हणजे दुसरं वर्ष.’ दादा १९६३ चा. फोटो १९६४-६५ चा ठरला.

पाठवताना

हाच फोटो मी एका स्मरणिकेला दिला होता. त्यांनी अण्णांचे पाय आणि डबा कापून, खाली ‘ब्रिटिशकालीन सिग्नल’ एवढंच छापलं. पुढे तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत मला परत आला तेव्हा ‘इगतपुरी, १९४५’ झाला होता. दादाचा जन्मही तेव्हा झाला नव्हता. त्या दिवशी फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी मूळ प्रिंट कुणाच्या हातात देत नाही, आणि मजकूर फोटोच्या खालच्या पांढऱ्या पट्टीत, चित्रावर नव्हे, लिहिल्याशिवाय फाइलही देत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर बारीक अक्षरं आणि इंजिनाचे नंबर पुसट होतात.

फोटो दुसऱ्याने काढलेला असेल तर त्याला किंवा त्याच्या घरच्यांना विचारा. आजच्या कायद्यानुसार छायाचित्राचा कॉपीराइट काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. फोटोतली माणसं हयात असतील तर त्यांनाही विचारा, मग कायदा काहीही म्हणो. ओळखपत्र, घरचा पत्ता दिसत असेल तर वाटायच्या प्रतीत झाका.

मजकुरात तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: पाठीवर जे लिहिलंय ते जसंच्या तसं, तुमचा अंदाज, आणि अंदाजाचं कारण. कारण लिहिलं की उद्या कुणी जास्त जाणता माणूस तुमची चूक काढू शकतो, आणि ती त्याने काढायलाच हवी.

आमच्या फोटोखाली आता असं आहे: ‘दौंडच्या बाजूची केबिन, नेमकी जागा माहीत नाही. पाठीवर काही लिहिलेलं नाही. अंदाज १९६४-६५: मामाचा कॅमेरा १९६४ चा, मूल १९६३ चं आणि दुसऱ्या वर्षातलं, डबा तिसऱ्या वर्गाचा. मूळ प्रिंट उलटी छापलेली, इथे सुलटी केली आहे. खांबाशी अण्णा आणि दादा. केबिनच्या खिडकीत उभे आहेत ते –’ त्या रेघेपुढची जागा रिकामी ठेवली आहे. दौंडकडे त्या वर्षांत कुणाचे वडील, आजोबा केबिनवर असतील तर त्यांना हा फोटो दाखवायचा आहे.