लाईट येते, सर्व्हर दिसत नाही: स्टोरेज सर्व्हरचं नेटवर्क लावताना या चुका टाळा

पावसाळा लागला की रत्नागिरी-मालवण पट्ट्यातून मला ठरलेला फोन येतो: "लाईट गेली होती, आली, आणि आता सर्व्हरच दिसत नाही." सगळ्यांच्या फाईली एका जागी ठेवणारा हा सर्व्हर बहुतेक वेळा ठणठणीत असतो. त्याचा नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी, तेवढा बदललेला असतो. काल १९२.१६८.१.२० वर होता, लाईट आल्यावर राउटरने त्याला १९२.१६८.१.३४ देऊन टाकला, आणि कॉम्प्युटर अजून जुनंच दार ठोठावतायत.

म्हणून आयपी पक्का करायचा. पण तो राउटरच्या आपोआप वाटपातल्या पत्त्यांपैकीच घेतला, तर कधीतरी तोच आकडा कुणाच्या मोबाईललाही मिळतो आणि सर्व्हर कधी दिसतो, कधी गायब होतो. माझा आग्रह असा, की राउटरमध्येच सर्व्हरच्या मॅक पत्त्यासमोर (त्याच्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) आयपी राखून ठेवा. हातानेच टाकणार असाल तर वाटपाबाहेरचा घ्या आणि गेटवे (इंटरनेटला जायचं दार, म्हणजे राउटरचा पत्ता), डीएनएस (नावावरून आयपी शोधून देणारा सर्व्हर) नीट भरा. गेटवे चुकला तरी ऑफिसात फाईली उघडतात, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. पण डिस्क खराब होतेय ही मेलवरची सूचनाही बाहेर जात नाही. ही चूक मला सगळ्यात घातक वाटते.

मालवणच्या एका फोटो स्टुडिओत लग्नाचे फोटो सेकंदाला जेमतेम ११ एमबीने जात होते. वेग वाढावा म्हणून त्यांनी एमटीयू, म्हणजे डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार, ९००० बाइट करून ठेवला होता. मी केबल उपसून उजेडात धरली, तर प्लगच्या पट्ट्यांवर हिरवट थर. खारी हवा! गिगाबिट वेगाला (सेकंदाला १००० मेगाबिट) केबलमधल्या आठही तारा लागतात. एखादी कच्ची झाली की जोडणी बहुधा १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे साधारण ११-१२ एमबी) उतरते. नवे प्लग मारले, एमटीयू परत १५०० केला, वेग ११० एमबीच्या आसपास गेला. स्विच आणि सगळे कॉम्प्युटर ९००० ला तयार नसतील तर फोल्डर दिसतात, मोठी फाईल मात्र अडकते. सर्व्हरला दोन केबल लावून त्यांची एक जोडणी केली तरी एका कॉम्प्युटरची एक कॉपी सहसा दुप्पट वेगाने होत नाही.

आणि मुंबईतल्या मुलाला घरचे फोटो दिसावेत म्हणून राउटरवर ४४५ पोर्ट (फाईल शेअरिंगचं दार) कृपा करून उघडू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारं मालवेअर याच वाटेने पसरलं होतं. मुलाच्या फोनवर व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंतची सुरक्षित वाट) लावून द्या.