मैत्रिणीला यूकेतले डिसॅबिलिटी बेनिफिट मिळवून द्यायचेत? आधी हे वाचा

यूकेत राहणारी एखादी मैत्रीण म्हणाली की मुलाला त्रास आहे, चाइल्ड टॅक्स क्रेडिटचा, म्हणजे मुलांसाठी सरकारकडून मिळणाऱ्या पैशांचा, फॉर्म भरायला मदत कर ना, तर पहिलं तिला हे सांगा की टॅक्स क्रेडिट आता राहिलेलंच नाही. ५ एप्रिल २०२५ ला ते कायमचं बंद झालं, आणि त्याच्या आधीची बरीच वर्षं नवीन क्लेम जवळपास घेतच नव्हते. मुलांचे ते पैसे आता युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये, म्हणजे यूसीत, कमी उत्पन्नाच्या घरांना सरकार देतं त्या मदतीत मिळतात, आणि ते एचएमआरसीकडे, म्हणजे टॅक्स खात्याकडे नाही, तर डीडब्ल्यूपीकडे, म्हणजे काम आणि पेन्शनच्या सरकारी खात्याकडे असतं. ग्रुपवर अजून जुने मेसेज फिरत असतात, त्यातले आकडे बघून हिशोब करू नका.

दुसरं म्हणजे व्हिसा. फॉर्मला हात लावायच्या आधी हे बघाच. स्किल्ड वर्कर, डिपेंडंट, स्टुडंट अशा व्हिसावर बहुतेक वेळा ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे सरकारी मदत घेता येणार नाही, अशी अट असते, ई-व्हिसात लॉगिन केलं की दिसते. ती अट असताना यूसी किंवा चाइल्ड बेनिफिट स्वतःच्या नावावर मागितलं तर पुढे आयएलआरच्या, म्हणजे कायम राहायच्या परवानगीच्या वेळी नको ते प्रश्न येऊ शकतात. पण इथे एक गोष्ट लोकांना माहीतच नसते. मुलांचा डीएलए, म्हणजे डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स, हा मुलाचा स्वतःचा हक्क असतो, आईबाप फक्त त्याच्या वतीने घेतात, त्यामुळे तिथे मुलाचं स्टेटस बघतात. मूल ब्रिटिश असेल आणि आईबाप व्हिसावर असतील तरी डीएलए मिळू शकतो. अशी मिक्स केस असेल तर मात्र स्वतः डोकं चालवू नका, इमिग्रेशन कळणाऱ्या सल्लागाराला विचारूनच पुढे जा.

आता क्रम. आधी डीएलए, आणि यूसीला बसत असतील तर तेही लगेच, एकासाठी दुसरं अडवून ठेवू नका. डीएलए हा पाया आहे कारण तो मिळाला की बाकीच्या बऱ्याच गोष्टी त्यावरून उघडतात. १६ वर्षांखालच्या मुलांसाठी असतो, त्यात घरचा पगार किंवा सेव्हिंग काहीच बघत नाहीत, नवरा आयटीत चांगला कमावतो म्हणून आपल्याला मिळणार नाही असं म्हणून बरेच जण सोडून देतात ते चूक आहे. डायग्नोसिसचं लेबलही लागत नाही, म्हणजे ऑटिझमच्या असेसमेंटच्या वेटिंग लिस्टवर असलात तरी अर्ज करता येतो, कारण ते आजाराचं नाव नाही तर मुलाला त्याच वयाच्या दुसऱ्या मुलापेक्षा किती जास्त बघावं लागतं ते विचारतात. त्रास किमान ३ महिने चाललेला हवा आणि पुढे ६ महिने तरी राहील असं दिसायला हवं. नुकतेच भारतातून आलेले असाल तर इथे राहिलेल्या काळाचीही अट आहे, ३ वर्षांवरच्या मुलांना साधारण मागच्या वर्षातले ६ महिने. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांनी डीएलए शोधू नये, तिकडे चाइल्ड डिसॅबिलिटी पेमेंट असतं आणि ते सोशल सिक्युरिटी स्कॉटलंडकडून मिळतं.

पैसे दोन भागांत असतात. एक केअर, म्हणजे मुलाचं बघण्याचे, आणि दुसरा मोबिलिटी, म्हणजे चालण्या-फिरण्यातल्या अडचणीचे. केअरचे तीन रेट, २०२५-२६ मध्ये आठवड्याला २९.२०, ७३.९० आणि ११०.४० पौंड होते. दिवसातला थोडा वेळ मदत लागते तर खालचा, दिवसभर सारखं बघावं लागतं किंवा रात्री उठावं लागतं तर मधला, दिवस आणि रात्र दोन्ही असेल तर वरचा. मोबिलिटीचे दोन, त्याच वर्षी २९.२० आणि ७७.०५. त्यातला वरचा ३ वर्षांपासून मिळू शकतो, खालचा ५ पासून.

फॉर्म वेबसाइटवरून डाउनलोड करता येतो, पण माझं मत विचाराल तर फोन करून मागवा. फोन केला त्या तारखेपासून पैसे धरतात, फक्त फॉर्म ६ आठवड्यांत परत पोचायला हवा. डाउनलोड केलेला त्यांना पोचेल तेव्हापासून धरतात. फोनवर इंग्लिशमध्ये अडत असेल तर दुभाष्या मागता येतो, आणि तुम्ही स्पीकरवर शेजारी बसलात तरी चालतं, मैत्रिणीने आधी ‘ही माझी मैत्रीण आहे, हिच्याशी बोला’ म्हटलं की झालं.

आता खरं काम, फॉर्म भरणं. जाडजूड फॉर्म आहे आणि तोच तोच प्रश्न फिरवून विचारल्यासारखा वाटतो, एका बैठकीत संपवायच्या नादाला लागू नका. आणि इथेच आपले लोक अडकतात, कारण आपल्याला ‘करतो आम्ही सगळं, आपलंच लेकरू आहे’ म्हणायची सवय. पोराबद्दल कमीपणाचं लिहायला आईचा हात धजत नाही, मग ती लिहिते ‘जेवताना थोडी मदत लागते’. हे वाचून समोरच्या माणसाला काय कळणार? तुम्ही तिला प्रश्न विचारा, ती मराठीत जे सांगेल ते तुम्ही लिहून घ्या आणि मग इंग्लिशमध्ये घाला. म्हणजे ‘घास बारीक करून भरवावा लागतो, एका जेवणाला पाऊण तास जातो, दिवसातून तीनदा, ठसका लागतो म्हणून समोरून उठता येत नाही’. किती वेळा, किती मिनिटं, सोडून दिलं तर काय होतं, या तीन गोष्टी प्रत्येक उत्तरात आल्या पाहिजेत. नुसत्या चांगल्या दिवसाचं वर्णन करू नका पण रोजच वाईट असतं असंही नको, आठवड्यातले किती दिवस कसे जातात ते खरं लिहा. नणंद किंवा आजी रात्री उठत असेल तर तेही मोजायचं, मदत कोण करतं याला महत्त्व नाही, लागते का याला आहे.

रात्रीचं वेगळं लिहा, बऱ्याच जणी विसरतात आणि मधल्या-वरच्या रेटमधला फरक तिथेच असतो. एक आठवडा साधी डायरी ठेवायला सांगा, मोबाइलच्या नोट्समध्ये वेळ टाकली तरी पुरे. शाळेचं पत्र, ईएचसीपी, म्हणजे मुलाला शाळेत लागणाऱ्या खास मदतीचा अधिकृत प्लॅन, असेल तर तो, स्पीच थेरपिस्टचा रिपोर्ट, सगळ्याच्या झेरॉक्स जोडा, ओरिजिनल पाठवू नका. मुलाला ओळखणाऱ्या कोणीतरी लिहायची जागा फॉर्ममध्ये असते, तिथे टीचरने लिहिलेलं बरं. भरलेल्या फॉर्मचे फोटो काढून ठेवा.

यूसी ऑनलाइन असतं, नवरा-बायको दोघांनी आपापलं अकाउंट काढून कोडने जोडायचं. दोघांचं मिळून सेव्हिंग १६,००० पौंडांच्या वर असेल तर मिळत नाही, आणि भारतातली एफडीही सेव्हिंगच असते बरं का, लपवायच्या भानगडीत पडू नका. पहिले पैसे यायला साधारण ५ आठवडे जातात, मध्ये ॲडव्हान्स देतात पण ते कर्ज असतं, नंतर कापून घेतात. मुलाला डीएलए मिळत असेल तर यूसीत वेगळी भर पडते, २०२५-२६ मध्ये महिन्याला १५८.७६ पौंड, आणि केअरचा वरचा रेट असेल तर ४९५.८७. डीएलए स्वतः उत्पन्न म्हणून धरत नाहीत, शिवाय घरातल्या मुलाला डीएलए असला की बेनिफिट कॅप, म्हणजे एका घराला मिळणाऱ्या एकूण बेनिफिटवरची मर्यादा, लागत नाही. यूसीत मुलांचे पैसे पहिल्या दोन मुलांपुरतेच द्यायची जी मर्यादा होती ती एप्रिल २०२६ पासून काढायचं नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये जाहीर झालं, आणि डिसेबल्ड मुलाची भर तर त्या मर्यादेतही तिसऱ्या मुलाला मिळतच होती.

डीएलएचं पत्र आलं की त्याच दिवशी यूसीच्या जर्नलमध्ये, म्हणजे ऑनलाइन अकाउंटमधल्या मेसेजच्या पानावर, आणि चेंज ऑफ सर्कमस्टन्सेसमध्ये, म्हणजे बदल कळवायच्या जागी, टाकायला सांगा, ते आपोआप जोडलं जाईल या भरवशावर राहू नका. मैत्रिणीच्या वतीने तुम्हाला यूसीशी बोलायचं असेल तर तिने जर्नलमध्ये तुमचं नाव आणि कशाबद्दल बोलायचंय ते लिहून परवानगी द्यावी लागते.

मुलाला मधला किंवा वरचा केअर रेट असेल आणि आई आठवड्याला ३५ तास त्याचं करत असेल तर केअरर्स अलाउन्सही, म्हणजे सांभाळणाऱ्याला मिळणारा भत्ता, बघा. यूसी चालू असेल तर तेवढेच पैसे तिथून कापतात, पण यूसीतला केअरर एलिमेंट, म्हणजे सांभाळणाऱ्यासाठीची भर, वेगळा मिळतो आणि त्याला पगाराची मर्यादा नाही. मोबिलिटीचा वरचा रेट असेल तर ब्लू बॅजसाठी, म्हणजे डिसेबल्ड लोकांच्या गाडीच्या पार्किंग परवान्यासाठी, वेगळी परीक्षा नसते.

नकार आला किंवा कमी रेट दिला तर रडत बसू नका, पत्रावरच्या तारखेपासून एका महिन्यात मॅन्डेटरी रिकन्सिडरेशन, म्हणजे निर्णयाचा फेरविचार, मागायचं, त्यात त्यांनी कुठला मुद्दा वगळला ते नेमकं दाखवायचं, तेही नाही ऐकलं तर ट्रायब्युनल, म्हणजे स्वतंत्र न्यायाधिकरण, आहे आणि तिथे अपील करायला फी नाही. अपीलच्या आधी सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेला किंवा डिसेबल्ड मुलांच्या कुटुंबांसाठी काम करणाऱ्या कॉन्टॅक्ट या संस्थेला फोन करा, आणि फोन करताना फॉर्मचे ते फोटो समोर उघडून ठेवा.