ओव्हरकॉलनंतर पुन्हा बोली लावावी का?

ब्रिजमध्ये प्रतिस्पर्ध्याने आधी बोली लावल्यावर आपण लावतो ती बोली म्हणजे ओव्हरकॉल; तो कसा करावा हे इथे सांगत बसत नाही. पाच पानांचा बरा रंग आणि साधारण 8 ते 16 गुण (एक्का 4, राजा 3, राणी 2, गुलाम 1) असले की एकच्या पातळीवर बोली लावता येते, एवढे ब्रिज खेळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. घोळ होतो तो पुढच्या फेरीत. उजवीकडच्याने 1 बदाम म्हटले, तुम्ही 1 इस्पिक म्हटलेत, बोली फिरून परत तुमच्याकडे आली आणि चांगली पाने पाहून हात आपोआप बिडिंग बॉक्सकडे, म्हणजे बोलीच्या कार्डांच्या पेटीकडे, जाऊ लागला, की स्वतःला आधी एक प्रश्न विचारावा: भिडूला अजून कळलेले नाही असे माझ्याकडे काय आहे?

मग भिडूने काय केले ते पाहावे. डावीकडच्याने 2 बदाम म्हटल्यावर भिडू पास म्हणाला आणि बोली तिथेच थांबत असेल, तर पाच पानांचे इस्पिक पुन्हा बोलू नये. बदाम आखूड असून उरलेल्या दोन्ही रंगांना आधार आणि वरच्या टोकाचे गुण असतील तर डबल द्यावा, म्हणजे भिडूला रंग निवडायला सांगावे. डावीकडचा पास म्हणाला आणि भिडूच 2 बदाम बोलला, तर तो इस्पिकला आधार असल्याचे सांगून तुमची ताकद विचारत असतो. ओव्हरकॉल हलका असेल तर 2 इस्पिकवर परतावे. भिडूचा नवा रंग सक्तीचा, म्हणजे ज्यावर पास देता येत नाही असा, मानायचा की नाही, हे टेबलावर बसण्याआधीच ठरलेले असावे.

खरी कसोटी पुढे आहे. 1 बदाम, तुमचे 1 इस्पिक, डावीकडून 2 बदाम, भिडूचे 2 इस्पिक, उजवीकडून 3 बदाम, आणि आता तुम्ही. या जागी मी कित्येक वर्षे गुण मोजत राहिलो, आणि आजही क्लबात नवख्यांना ‘चौदा गुण आहेत, बोला’ असा सल्ला मिळताना ऐकतो तेव्हा गप्प राहवत नाही. गेम, म्हणजे 4 इस्पिकसारखा बोनस देणारा करार, करण्याइतकी ताकद असेल तर प्रश्नच नाही. पण तशी नसेल तर इथे गुण नव्हे, हुकमाची पाने मोजायची असतात. झाँ-रेने व्हेर्न या फ्रेंच अभ्यासकाने 1969 मध्ये जगापुढे मांडलेला नियम असा, की आपल्या हुकमाची आणि त्यांच्या हुकमाची पाने मिळून जेवढी होतात, साधारण तेवढेच हात दोन्ही बाजूंना आपापल्या हुकमात मिळून होतात. व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच घ्यावा की आपल्याकडे आठ हुकूम असतील तर आठ हातांची, म्हणजे दोनची पातळी (बोलीच्या आकड्यात सहा हात मिळवायचे) आणि नऊ असतील तर तीनची पातळी आपली. भिडूने आधार दिला म्हणजे त्याच्याकडे तीन इस्पिके धरावीत. तुमच्याकडे पाच असतील तर बेरीज आठ, आणि 2 इस्पिक तर भिडू आधीच बोलून बसला आहे.

हे मला पटले ते एका डावाने. इस्पिकचा एक्का, राजा, गुलाम, सत्ती, चव्वी. बदामाची राणी, गुलाम, तिरी. चौकटचा राजा आणि छक्की. किलवरची तीन बारीक पाने, असे ते चौदा गुण होते. आम्ही व्हल्नरेबल होतो, म्हणजे बुडाल्यास दंड जास्त होता. मी ऐटीत 3 इस्पिक म्हटले, सातच हात झाले, 200 गेले आणि जोड्यांच्या स्पर्धेत, जिथे तीच पाने खेळलेल्या इतर जोड्यांशी तुलना होते, तो बोर्ड तळाला गेला. प्रतिस्पर्ध्यांचे 3 बदाम मात्र एका हाताने बुडणार होते, कारण त्यांच्या रंगातली राणी आणि गुलाम बचावात हात मिळवून देतात, तर आपल्या हुकमात खेळताना ती पाने जवळजवळ फुकट जातात. त्यांच्या रंगात अशी चित्रे दिसली की पासकडे झुकावे, हे मी आता निक्षून सांगतो.

याउलट इस्पिकची एक्का, राणी, दश्शी, अठ्ठी, छक्की, चव्वी अशी सहा पाने, बदामाचे एकच पान, चौकटची राजा-गुलामासह चार आणि किलवरची दोन बारीक पाने असतील, तर गुण फक्त दहा असूनही 3 इस्पिक बोलावेच. सहावे इस्पिक आणि बदामातला तुटवडा या दोन्ही गोष्टी भिडूला अजून ठाऊक नाहीत.

गुणफलकही डोळ्यांपुढे असावा. त्यांचे 3 बदाम झाले तर त्यांना 140 मिळतात. आपण डबल न होता एका हाताने बुडालो तर नॉन-व्हल्नरेबल असताना 50 आणि व्हल्नरेबल असताना 100 जातात, म्हणजे सौदा परवडला. व्हल्नरेबल असताना दोन हात बुडाले, किंवा डबल होऊन एक बुडाला, की 200. जोड्यांच्या स्पर्धेत हा आकडा जवळजवळ प्रत्येक पार्टस्कोअरपेक्षा, म्हणजे गेमखालच्या करारापेक्षा, वाईट ठरतो.

एक गोष्ट मात्र विचारात घ्यायचीच नाही. भिडूने बराच वेळ घुटमळून पास दिला, तर त्या घुटमळण्यावरून त्याच्याकडे काहीतरी आहे असे ताडून बोली लावणे डुप्लिकेट ब्रिजच्या 16 व्या नियमात बसत नाही, आणि डायरेक्टरला, म्हणजे स्पर्धेच्या पंचाला, बोलावले गेले तर मिळवलेला फायदा काढून घेतला जाऊ शकतो.

पास दिलात की 3 बदामांवर उतारी तुमचीच असते. वरच्या चौदा गुणांच्या हातातून इस्पिकचा एक्का टाकावा: भिडूची तीन धरली तर दोन्ही प्रतिस्पर्ध्यांत मिळून पाचच इस्पिके आहेत, तेव्हा एक्का आणि राजा दोन्ही चालण्याची शक्यता चांगली असते, आणि डमी, म्हणजे करार खेळणाऱ्याच्या भिडूची उघडी पाने, समोर पसरल्यावर पुढचे पान ठरवायला एक हात हाती आलेला असतो.