वाळवंटातल्या घळीत खडक बघायला जाताना
आधी आकाश बघा, फक्त डोक्यावरचं नाही तर घळीच्या वरच्या अंगाला लांब कुठे पाऊस पडतोय का तेही, कारण १९९७ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये असाच लांबच्या पावसाचा लोंढा आला आणि ११ जण गेले. शंका आली तर आत जाऊच नका.

मग भिंत. वाळूखडकात मोठमोठे तिरपे थर दिसले की बहुतेक त्या जुन्या वाळूच्या टेकड्या, थर ज्या बाजूला उतरतात तिकडे वारा वाहायचा, कंपासने ती दिशा घ्या आणि तिथेच वहीत लिहा, नंतर आठवत नाही. भिंगातून कण गोल, एकसारखे दिसले तर अजून खात्री. फोटोत मापाला हातोडी ठेवा. आणि प्लीज, भिंतीवरचा काळा चकचकीत थर खरवडू नका, मँगनीज-लोहाचा तो थर बनायला हजारो वर्षं लागतात.