सीसीआयई लॅबचा दुसरा प्रयत्न: मधल्या पाच महिन्यांत मी काय केलं

सीसीआयई एंटरप्राइझ इन्फ्रास्ट्रक्चर या सिस्कोच्या तज्ज्ञ पातळीच्या नेटवर्किंग प्रमाणपत्राच्या लॅबमध्ये, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षेत, मी पहिल्या वेळी नापास झाले आणि पाच महिन्यांनी पास झाले. या पाच महिन्यांत मी एकही नवा प्रोटोकॉल (उपकरणांनी एकमेकांशी बोलण्याचे नियम) शिकले नाही. हे आधीच सांगते, कारण नापास झाल्यावर हात आपोआप पुस्तकाच्या पहिल्या पानाकडे जातो. माझाही गेला होता. बीजीपीची (नेटवर्कांमधले मार्ग ठरवणाऱ्या प्रोटोकॉलची) सगळी अ‍ॅट्रिब्यूट्स मी पुन्हा पाठ केली. ती मला आधीही येत होती. तो आठवडा वाया गेला.

नव्याने तयारी करणाऱ्यांसाठी परीक्षेचं स्वरूप थोडक्यात. आधी ३५०-४०१ एन्कोर ही १२० मिनिटांची लेखी परीक्षा पास व्हावी लागते आणि त्यानंतर ३ वर्षांच्या आत लॅबला बसावं लागतं. लॅब ८ तासांची. पहिले ३ तास डिझाइनचे. तिथे राउटरला हात लावता येत नाही, मेल, आकृत्या आणि कागदपत्रं वाचून उत्तरं द्यायची असतात आणि मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही. पुढचे ५ तास प्रत्यक्ष उपकरणांवर काम करायचं: उभारणी, बिघाड शोधणं, सुधारणा, थोडं पायथनही. दोन्ही भागांत किमान गुण मिळवावे लागतात आणि एकूण बेरीजही पुरेशी व्हावी लागते. एका भागातली कसर दुसऱ्यात पूर्णपणे भरून काढता येत नाही.

निकालपत्रात प्रश्नवार काही कळत नाही, विषयवार टक्के तेवढे दिसतात. माझे सर्वांत कमी टक्के राउटिंगला, म्हणजे डेटाचे मार्ग ठरवण्याला होते. माझं रोजचं कामच राउटिंगचं, त्यामुळे ते आकडे पाहून मला खूप लागलं. दोन दिवस कुणाशी बोलावंसंही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी कागद घेऊन बसले आणि त्या ५ तासांत मी काय करत होते, ते वेळेच्या क्रमाने लिहून काढलं. प्रश्न नाहीत, ते बाहेर न सांगण्याचा करार असतो आणि तो पाळायलाच हवा. मी लिहिलं ते माझं वागणं. कुठे किती वेळ गेला, काम झालं असं कशावरून ठरवलं, मागे वळून काय तपासलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कोरंच राहिलं. मी काहीही पुन्हा तपासलं नव्हतं.

लॅबमध्ये एका कामाचे गुण ते पूर्ण चाललं तरच मिळतात. आणि सगळी कामं एकाच नेटवर्कवर असल्याने नववं काम करताना तिसरं मोडू शकतं. तिसऱ्याच्या वेळी पिंग (पलीकडचं उपकरण उत्तर देतं का हे पाहणारा चाचणी संदेश) गेला होता, म्हणून आपण निर्धास्त असतो.

हे मला घरच्या सरावात नीट उमगलं. दोन सीमेवरचे राउटर, एका बाजूला ओएसपीएफ, दुसऱ्या बाजूला ईआयजीआरपी हे राउटिंग प्रोटोकॉल आणि दोन्ही राउटरवर दोन्ही दिशांनी रिडिस्ट्रिब्यूशन, म्हणजे एका प्रोटोकॉलचे मार्ग दुसऱ्यात घालणं. ही रचना मी याआधी कितीतरी वेळा उभी केली होती. सगळं पोहोचत होतं. मग एक इंटरफेस बंद करून पुन्हा चालू केला आणि काही मार्ग गोल फिरू लागले. कारण ठरलेलं आहे. ईआयजीआरपीचा बाहेरून आलेला मार्ग १७० अंतराचा, ओएसपीएफचा ११०; अंतर जितकं कमी तितका राउटरचा विश्वास जास्त. पहिल्या राउटरने तो मार्ग ओएसपीएफमध्ये घातला की दुसरा राउटर त्याच मार्गासाठी ओएसपीएफवर विश्वास ठेवतो आणि उलट्या दिशेने पाहू लागतो. कोणता राउटर मार्ग आधी शिकला यावर कधी बरं चालतं, कधी बिघडतं. मार्गांवर टॅग (खूण) लावून परतीचे मार्ग अडवणं किंवा ओएसपीएफच्या बाह्य मार्गांचं अंतर १७० च्या वर नेणं, हे उपाय मला तोंडपाठ होते. तरीही पिंग गेल्यावर मी थांबत असे. त्या दिवसापासून नियम केला: जिथे दोन प्रोटोकॉल भेटतात तिथे एक लिंक पाडायची, दोन्ही राउटरची राउटिंग टेबलं पाहायची, लिंक उठवायची, पुन्हा पाहायची. चार मिनिटं जातात. ती द्यावीत.

दुसरी सवय म्हणजे योग्य जागेवरून तपासणं. एमपीएलएसच्या (लेबल लावून पॅकेट पुढे नेण्याच्या तंत्राच्या) सरावात माझ्या पीई राउटरांचे (ग्राहकाला जोडणाऱ्या सेवादाराच्या राउटरांचे) लूपबॅक, म्हणजे त्यांच्यातले आभासी इंटरफेस, एकमेकांना पिंग होत होते, ग्राहकांचे मार्ग नेणारं बीजीपीचं व्हीपीएनव्ही४ सत्र उभं होतं, पण ग्राहकाच्या एका शाखेतून दुसरीत काही जात नव्हतं. लूपबॅकला मी २४ बिटांचा मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा) दिला होता. ओएसपीएफ लूपबॅक नेहमीप्रमाणे ३२ बिटांचा म्हणून जाहीर करतं, एलडीपी (लेबलं वाटणारा प्रोटोकॉल) मात्र त्या राउटरवरच्या २४ बिटांच्या मार्गासाठी लेबल वाटतं. दोन्ही जुळत नाहीत आणि लेबलची वाट शेवटच्या टप्प्याआधी तुटते. साधा आयपी पिंग लेबलाशिवायही जातो, म्हणून सगळं ठीक दिसतं. मास्क ३२ केला की काम होतं. पण मला यातून मिळालेली खरी गोष्ट अशी: प्रश्नात ग्राहकाचं नाव असेल तर पिंगही ग्राहकाच्या राउटरवरूनच द्यायचा, आपल्या सोयीच्या राउटरवरून नाही.

वेळेबद्दल. एका बिघाडावर १५ मिनिटं, त्यापुढे नाही. पहिल्या प्रयत्नात एका कामावर माझी ५० मिनिटं गेली होती, कारण उत्तर आता सापडेल असं दर पाच मिनिटांनी वाटत होतं. सरावात मी घड्याळ लावून अर्धवट काम सोडायला शिकले. हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे, मन तिथेच अडकून राहतं. सोडताना एका ओळीत लिहून ठेवायचं: काय पाहिलं, काय उरलं. उदाहरणार्थ, शेजारी राउटर एक्सस्टार्टवर (ओएसपीएफची जोडणी पूर्ण होण्याआधीच्या टप्प्यावर) अडकला आहे, दोन्ही बाजूंचे एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) अजून पाहिले नाहीत, इतकंच. परत आल्यावर मग पहिल्यापासून शोधावं लागत नाही.

डिझाइनच्या भागासाठी वेगळा अभ्यास असतो असं मला वाटत नाही, वेगळं वाचन असतं. तिथे आपल्याला आवडणारं उत्तर देण्याचा मोह होतो. मला दोन शाखांमध्ये डीएमव्हीपीएनचा तिसरा टप्पा (शाखांमध्ये थेट बोगदे उभारणारी रचना) सुचतो, पण कागदात कुठेतरी लिहिलेलं असतं की सगळी रहदारी मुख्यालयाच्या फायरवॉलमधूनच गेली पाहिजे. मग शाखांना थेट जोडणारी रचना कितीही सुंदर असो, ती चूक. मी सरावात प्रत्येक अट वेगळ्या ओळीवर लिहायची आणि प्रत्येक पर्याय कोणत्या ओळीवर पडतो ते दाखवायची. ओळ दाखवता आली नाही तर तो पर्याय बाद करायचा नाही, एवढी शिस्त.

सरावाला ईव्ह-एनजी हे आभासी नेटवर्क उभं करणारं सॉफ्टवेअर पुरेसं झालं. सिस्को मॉडेलिंग लॅब्ज किंवा जीएनएस३ वरही चालेल. सॉफ्टवेअरने चालवलेल्या नेटवर्कांना, म्हणजे एसडी-वॅन आणि एसडी-अ‍ॅक्सेसला मशीन फार मोठं लागतं, तिथे सिस्कोच्या डेव्हनेटचे सँडबॉक्स (सरावाच्या तयार ऑनलाइन लॅब) उपयोगी पडले. नोकरी सांभाळून रोज दोन तास, आणि दर दुसऱ्या रविवारी सलग पूर्ण ८ तास. हे ८ तास टाळू नका. सहाव्या तासानंतर डोळे प्रश्नातला ‘फक्त’ हा शब्द वाचेनासे होतात, हे मला त्या रविवारी कळलं, आणि म्हणून मी प्रत्येक प्रश्न सुरू करताना एकदा आणि संपवताना पुन्हा एकदा वाचू लागले.

दुसऱ्या प्रयत्नाला मी दोन छोटी कामं मुद्दाम सोडून दिली आणि शेवटची ४० मिनिटं फक्त तपासणीसाठी ठेवली. नवीन कमांड द्यायची नाही, पहिल्या कामापासून एकेक पाहत यायचं. सोडलेले गुण डोळ्यांसमोर दिसत होते, त्यामुळे हात शिवशिवत होते. त्या ४० मिनिटांत मला मोडलेली दोन कामं सापडली. दोन्ही मी पहिल्या दोन तासांत पूर्ण करून, तपासून, त्यांच्यापुढे बरोबरची खूण केली होती.